तालमीची बाई

आमच्या गावात नाटकाला बाई आणतात. आणतात म्हणजे कशी, तर मंडपवाल्याकडून कनात आणतात, जनरेटर आणतात, तशी नांदेडहून न्हाई तर परभणीहून बाई आणतात. ती नाटकाच्या दिवशी एस्टीनं येते, संध्याकाळी काम करते अन् दुसऱ्या दिवशी जाते. पोस्टरावर तिचं नाव सगळ्यांत मोठं. त्याला माझं काही म्हणणं न्हाई, ती बिचारी पोटासाठी गावोगाव फिरते. माझं म्हणणं वेगळंच आहे. ती यायच्या आधी महिनाभर जी तालीम चालते, तिच्यात बाईचं काम कोण करतं, हे कुणी विचारीत न्हाई.

मालनबाई करते. भीमराजची बायको, आमच्या गावच्या बौद्धवाड्यातली. तीस-एक वर्षं झाली असतील. ती राणी झाली, पाटलीण झाली, आंधळी भिकारीण झाली, एका साली तर सासू अन् सून दोन्ही एकटीच झाली. पण सगळं तालमीत. नाटकाच्या दिवशी ती खाली, बायकांच्या सतरंजीवर.

मी शिवकन्या. गावात शिलाई करते, नाटकाचे कपडे शिवते अन् पडद्याची दोरी माझ्या हातात असते. माझं तोंड फाटकं आहे असं सगळं गाव म्हणतं. म्हणू द्या.

आधी कोठीचं सांगते, न्हाई तर तुमाला वाटंल की कुठल्या तरी पत्र्याच्या शेडात आमी नाचून राहिलो. डोंगरकडा गावाहून आमच्या गावाकडं वळलं की पहिली दिसते ती कोठी. काळ्या दगडाची, भिंती हातभर जाड, आत कमानींच्या दोन रांगा. निजामाच्या अमलात लेव्हीचं धान्य ठेवायला बांधलेली. आत एका टोकाला कमरेइतका उंच ओटा आहे. त्याच्यावर मापारी बसायचा अन् आमच्या आज्या-पणज्यांच्या जवारीतला वाटा मापून घ्यायचा. निजाम गेला, कोठी रिकामी पडली अन् गावच्या पोरांनी कुलूप काढून त्या मापाच्या ओट्यावरच पहिलं नाटक केलं. तवापासून दरसाल चैतातल्या जत्रेला नाटक. दुष्काळात झालं, भूकंपाच्या साली झालं. ओट्यावर उभं राहून साध्या आवाजात बोललं तरी शेवटच्या कमानीखाली बसलेल्या म्हाताऱ्याला बराबर ऐकू जातं. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागतो अन् जुन्या जवारीचा वास येतो. शहरातली नाट्यगृहं म्या पाहिली. गाद्यांच्या खुर्च्या हायेत तिथं, पण जीव न्हाई लागत. आमच्या कोठीला लागतो. म्हणूनच तर संताप होतो.

करोनाच्या साली नांदेडहून बाई येऊ शकली न्हाई. साल मोडू द्यायचं न्हाई म्हणून दार लावून घेतलं, चार-पाच जणांनी तोंडाला फडकी बांधून नाटक केलं. बाईचं काम त्या साली मालनबाईनं केलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. समोर चिटपाखरू न्हाई. अन् मंडळ आजबी त्या सालाला काय म्हणतं माहीत आहे? वाचन. बाप्यांनी केलं असतं तर नाटक, मालनबाईनं केलं म्हणून वाचन!

ती ह्यात पडली कशी, ते बी ऐका. भीमराजचा आवाज मोठा खणखणीत, म्हणून मंडळानं त्याला घेतलं. चोर, राखणदार, दिवाणजी, असली कामं त्याला. राजा कधी केलं न्हाई, पण ते सध्या राहू द्या. लग्न झालं त्या साली मालनबाई त्याची भाकर घेऊन तालमीला आली. तवा बाईची वाक्यं मार्तंडराव वाचायचे. मार्तंडराव म्हणजे आमचे दिग्दर्शक, देवळाची पूजा त्यांच्या घरात अन् नाटक बी त्यांच्याच घरात. त्यांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला. ते म्हणले, "भीमराजची बायको सातवी शिकलेली आहे ना? तीच वाचेल." ती वाचायला उभी राहिली ती आजपर्यंत बसली न्हाई. दिवसभर हळदीच्या रानात काम करायची, काढणी, शिजवणी, वाळवणी, अन् दिवेलागणीला पिवळ्या हातापायानं कोठीत हजर. दोन लेकरं झाली, दोन्ही कोठीतल्या सतरंजीवरच रांगली.

अन् काम कसं करायची म्हणता! मी कपडे बेतायला जायची अन् सुई हातात तशीच राहायची. तिला रडायचं असलं की ती रडायची न्हाई, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळीत बोलायची, अन् आमच्या डोळ्याला पाणी. मग नाटकाच्या दिवशी आणलेली बाई यायची, एका रात्रीत पाठ केलेलं घडाघडा म्हणून जायची. लोक टाळ्या वाजवायचे. मालनबाई बी वाजवायची.

औंदा नाटकाला पंचाहत्तरावं साल लागलं. अमृतमहोत्सव! जिल्ह्याहून पाहुणे येणार, कोठीला वारसा म्हणणार, भाषणं होणार. मार्तंडरावांनी जुनं विहिरीचं नाटक काढलं. गावातल्याच माणसानं लिहिलेलं, अर्ध्या गावाला तोंडपाठ. सगुणा नावाच्या विधवेची विहीर तिचा लेक दारूच्या भरात पाटलाला लिहून देतो, मग पस्तावून घरी येतो, असं ते नाटक. सगुणा पन्नाशीची. मालनबाई बी तेवढीच. लेकाचं काम वैजनाथला. गावात त्याचं खताचं दुकान आहे, दिसायला उजवा, बोलायला गोड.

चार-आठ दिवस तालीम झाली. एक दिवस सगळे उठायला लागले तशी मालनबाई ओट्याखाली येऊन उभी राहिली. तिनं आजवर कुणाला काही मागितलेलं न्हाई.

"मार्तंडराव," ती म्हणली, "एक बार सगुणा मला करू द्या. सगळ्यांच्या म्होरं. पुन्हा मागणार न्हाई."

मार्तंडराव हसले. वाईट हसले न्हाईत, मायेनं हसले, अन् त्याच हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालनबाई, तुमचं काम उत्तम आहे, त्यात वादच नाही," ते म्हणले. "पण आपल्याकडं परंपरा आहे. गावची बाई लोकांपुढं ओट्यावर उभी राहत नाही. लोकांच्या भावना असतात."

"कोणत्या लोकांच्या?" म्या विचारलं. "नावं सांगा. मी जाऊन विचारते एकेकाला."

"शिवकन्या, तू मधी बोलू नको. पोस्टर छापून झालंय. नांदेडच्या आकांक्षाताई येणार आहेत."

तिथं उभे होते की सगळे. वैजनाथ होता, बाकीचे होते. तीस वर्षं जिच्या तोंडाकडं बघून वाक्यं पाठ केली, तिच्यासाठी एकाच्या बी तोंडातून अवाक्षर निघालं न्हाई. भीमराजनं सुद्धा खाली मान घातली. मालनबाई "बरं" म्हणली अन् चपला घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई.

मग मजा बघा. सगुणेची वाक्यं मार्तंडराव वाचायला लागले. "कुठं होतास रे तीन दिवस" हे वाक्य त्यांनी असं वाचलं की जणू चावडीवर नोटीस वाचून राहिलेत. वैजनाथला पुढचं आठवंना. ह्या बाबांनी आपली वाक्यं कधी नीट पाठ केलीच नव्हती! मालनबाई थांबली की आपण बोलायचं, मालनबाईनं मान वळवली की आपण जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ती न्हाई तर सगळे ओट्यावर एकमेकांना धडकायला लागले. मी खाली बसून काज करीत होते. हसू दाबता दाबता बोटात सुई गेली.

शेवटी मार्तंडराव बौद्धवाड्यात गेले. मी मालनबाईकडंच होते, अंगणात हळदीच्या कांड्या निवडीत. ते अंगणाबाहेरच उभे राहिले. मालनबाईनं खुर्ची दिली, तर म्हणले घाई आहे. चहा विचारला, तर म्हणले आत्ताच झाला. दरसाल ह्या बाईच्या जिवावर नाटक बसतं अन् हिच्या घरचा घोटभर चहा ह्यांना नेमका आत्ताच झालेला असतो!

"मालनबाई, तालमीला या," ते म्हणले. "मंडळाचं ठरलंय, तुमचा सत्कार करायचा. ओट्यावर, पाहुण्यांच्या हस्ते. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर."

"म्हणजे शाल घ्यायला गावची बाई ओट्यावर चालते," म्या म्हणलं, "अन् काम करायला चालत न्हाई? वा रे परंपरा!"

"तुला प्रत्येक गोष्टीत वाकडंच दिसतं."

"वाकडं आहे म्हणून दिसतं."

मालनबाई हळद निवडता निवडता म्हणली, "येते."

मार्तंडराव गेले अन् मी तिच्यावर उखडले. म्हणलं, तुला काही वाटतं का न्हाई? एका शालीवर तुझी बोळवण करून राहिलेत अन् तू येते म्हणतेस? काहून?

"ओरडू नको," ती म्हणली. "भरल्या कोठीत ओट्यावर एक बार चढू तर दे मला."

ती पुन्हा तालमीला जायला लागली. नाटक ताळ्यावर आलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आकांक्षा आली. तिशीतली, बसनं दमलेली, पायात साधी चप्पल. मालनबाईनं तिला ओटा दाखवला, कुठं उभं राहायचं, कुठून आत जायचं, सगळं स्वतः चालून दाखवलं. आकांक्षानं तिला सगुणेचा एक प्रवेश करून दाखवायला लावला. ऐकून झाल्यावर ती मला हळूच म्हणली, "ताई, ह्यांना सोडून मला कशाला बोलावलं?" मी म्हणलं, "मार्तंडरावांना विचारा." तिनं विचारलं न्हाई. विचारून ती काय करणार होती?

दिवेलागणीला कोठी भरली. उजवीकडं बाप्ये, डावीकडं बाया, मधल्या कमानींत पोरंसोरं. पाहुण्यांसाठी माइक आणला होता. त्या कोठीत माइक! भाषणांवर भाषणं झाली. कला, वारसा, मातीचा गंध. दगड किती जुना, कमान किती जुनी, सगळं झालं. माणसांचं नाव घ्यायची वेळ आली तवा मार्तंडराव माइकवर म्हणले, "आमच्या तालमींना वर्षानुवर्षे सहकार्य करणाऱ्या मालनबाई यांचा सत्कार." सहकार्य! तीस सालांचा जीव जाळला तिनं, त्याला ह्यांनी शब्द काढला सहकार्य. माझ्या हातात पडद्याची दोरी होती ती बरंच झालं, दुसरं काही असतं तर फेकलं असतं.

मालनबाई ओट्यावर आली. हिरवं इरकल लुगडं, केस चोपून बांधलेले, हातापायाला हळद तशीच. पाहुण्यांनी शाल टाकली, नारळ दिला. मार्तंडराव म्हणले, "दोन शब्द बोला."

तिनं माइक बाजूला सारला. नारळ खुर्चीवर ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं अन् बाजूच्या पडद्याकडं बघून म्हणली, "कुठं होतास रे तीन दिवस?"

वैजनाथ तिथं आतल्या बाजूला माझ्या शेजारीच उभा होता, धोतर नेसून, तोंडाला रंग लावून. सवय ती सवय. त्याला कळायच्या आत त्याच्या तोंडून निघालं, "रानात होतो, माय." अन् गडी चालत बाहेर गेला!

आता सगुणेचा लेक ओट्यावर आला म्हणल्यावर काय राहिलं? प्रवेश सुरू झाला. पाहुणे खुर्च्यांवर बसल्याजागी बघत राहिले. मार्तंडरावांचं तोंड उघडं ते उघडंच.

"सही केलीस?" मालनबाई म्हणली. "विहीर तुझ्या बापाच्या नावाची, तुझ्या नावाची, पाटलाच्या नावाची. माझ्या नावाची कधीच नव्हती. पण तिचा एकेक दगड माझ्या डोक्यावरून आलाय. कागद दे त्याला. दगड कसे देशील?"

ती ओरडली न्हाई, की हात उडवले न्हाईत. मी हे वाक्य कितीक बार ऐकलं असंल, पण भरल्या कोठीत ते पहिल्यांदा ऐकलं अन् मला रडू फुटलं. तिला हवं होतं ते हेच, एवढंच. भीमराज दिवाणजीचा फेटा हातात धरून माझ्या मागं उभा होता, तो बी मुसमुसून राहिला होता.

वैजनाथचं वाक्य आलं. "माय, मी चुकलो," तो म्हणला. आवाज सुद्धा खरा भरून आला होता त्याचा. मग तसाच उभ्याउभ्या म्हणला, "इथं पाया पडतो."

सगळ्या कोठीनं ऐकलं.

नाटकात असं वाक्य न्हाई. हे तो तालमीत म्हणतो. त्याच्या आधी जे लेकाचं काम करायचे ते बी असंच म्हणायचे. तालमीत हे लोक काठ्या खरोखर उगारतात, एकमेकांच्या गळ्यात खरोखर पडतात, धाय मोकलून रडतात. फक्त मालनबाईच्या पाया पडायचं आलं की तोंडानं सांगतात, "इथं पाया पडतो," अन् पुढं जातात. दरसाल, दर तालमीला. तीच सवय त्याला त्या दिवशी भरल्या गावापुढं नडली.

मालनबाई थांबली. तिचं पुढचं वाक्य होतं, "ऊठ, लेकरा." उभ्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं?

"पड की मग," ती म्हणली. हा सगुणेचा आवाज नव्हता, तिचा स्वतःचा होता.

वैजनाथनं पुढच्या रांगेकडं बघितलं. तिथं त्याचा चुलता, त्याची गिऱ्हाइकं, गावचे मोठे लोक, सगळे बसलेले. मग त्यानं तिच्या पिवळ्या पायांकडं बघितलं. अन् तो वाकला न्हाई. धोतराची निरी सारखी करीत नुसता उभा राहिला, मेला.

मार्तंडरावांनी झडप घालून माइक उचलला. "वा! मालनबाईंनी आपल्याला एक छोटीशी झलक दाखवली! टाळ्या!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळणार? गावाला कळलं होतं. बायांच्या सतरंजीवरनं एक टाळी आली न्हाई. मालनबाई पायरीनं खाली उतरली अन् आपल्या जागेवर जाऊन बसली.

आकांक्षा माझ्याजवळ उभी होती, सगुणेचं लुगडं नेसून, केसाला पांढरी पावडर लावून. "रोज असंच म्हणतो का हा?" तिनं विचारलं.

"रोज," म्या म्हणलं.

खुर्च्या काढल्या, म्या पडदा ओढला, नाटक सुरू झालं.

तोच प्रवेश आला. "कुठं होतास रे तीन दिवस?" आकांक्षा म्हणली. चांगलंच म्हणली, खोटं कशाला बोलू. विहीर झाली, दगड झाले. वैजनाथ म्हणला, "माय, मी चुकलो," अन् धाडकन आडवा झाला! कपाळ दगडावर टेकलं त्याचं, दोन्ही हात तिच्या पायावर. ही बाई कुठली, कोणाची, त्यानं कधी विचारलं नव्हतं. अन् तिला बघून अजून अर्धा दिवस झाला नव्हता.

आकांक्षा बोललीच न्हाई.

मार्तंडराव आतून कुजबुजले, "ऊठ, लेकरा." तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. ते पुन्हा म्हणले, मोठ्यानं म्हणले. कोठीच ती, सगळ्या गावाला ऐकू गेलं. आकांक्षानं पाय मागं घेतले, वळली अन् बायांच्या सतरंजीकडं तोंड करून उभी राहिली. वाक्य कुणाचं आहे ते तिनं सगळ्यांना दाखवून दिलं. एकेक मान मालनबाईकडं वळली. उजवीकडच्या बाप्यांच्या बी वळल्या.

"पडदा सोड," मार्तंडराव माझ्या कानाशी आले. दोरी माझ्याच हातात होती. म्या ती मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली.

वैजनाथ पालथाच. वर बघावं तर पंचाईत, उठावं तर पंचाईत. त्याची पाठ घामानं भिजलेली सगळ्यांना दिसून राहिली होती. बायांतून त्याच्या आईनं, शकुबाईनंच हात जोडले. "मालनबाई, म्हण की गं माय. उठव त्याला."

मालनबाईनं शाल घडी करून मांडीवर घेतली.

"राहू द्या पडून थोडा वेळ," ती म्हणली. "सवय न्हाई त्याला."